कुडतरकर सिस्टरचे हात

बसा मंडळी, बसा! मागे उभे आहात त्यांनी पुढे या, सतरंजी रिकामी आहे. पुढे बसलं म्हणून काही बुवा प्रश्न विचारत नाहीत. — आज मात्र विचारणार आहे!

सोपा प्रश्न आहे. आपलं काम ज्याला उत्तम येतं, तो माणूस मोठा — की ज्याच्या हाताखाली दुसऱ्याला ते काम उत्तम यायला लागतं, तो मोठा?

काय म्हणालात? दुसरा? वा! एका सुरात! देवळात सगळ्यांची उत्तरं बरोबर येतात हो. रवळनाथासमोर चूक बोलायची कोणाची हिंमत? पण उद्या सकाळी तुमच्या कचेरीत येतो, दुकानात येतो, वर्कशॉपमध्ये येतो, आणि नुसता कोपऱ्यात उभा राहतो. बघतो तुम्ही काय करता ते! आता चुळबुळ सुरू झाली. ते पाचव्या रांगेतले साहेब एकदम खांबाकडे बघायला लागले. खांब छान आहे साहेब, जुना आहे, पण आख्यान इकडे आहे!

तर ऐका. घाटाखालचं एक तालुक्याचं गाव. नाव सांगत नाही, नाहीतर तिथले लोक पुढच्या उत्सवाला मला बोलवायचे नाहीत. गावात सरकारी दवाखाना. दवाखान्यात बाळंतिणींचा विभाग. आणि त्या विभागाची राणी म्हणा, सम्राज्ञी म्हणा — मंदाकिनी कुडतरकर! कुडतरकर सिस्टर!

काय त्या बाईचे हात सांगू तुम्हाला! निम्मं गाव त्या हातांत जन्माला आलेलं. बाजारात निघाल्या की चांगले मिशीवाले बाप्ये वाट सोडून बाजूला व्हायचे. पोरगं पायाळू असो, नाळेचा वेढा असो, कुडतरकर सिस्टर नुसता पोटावर हात ठेवायच्या आणि सांगायच्या, "डोकं इथं, पाठ इथं, आणि स्वारी हट्टी आहे." मोठे डॉक्टर इनामदार, तेसुद्धा अडलं की म्हणायचे, "सिस्टर, जरा बघता का?"

आता अशा बाईला थोडा गर्व झाला, तर देव रागावेल का? नाही रागावणार. तुम्हाला नुसती बरी भजी तळता आली तरी तुम्ही वर्षभर सांगत फिरता!

पण सिस्टरांची एक सवय होती. दवाखान्यात नवी मुलगी यायची, नर्सिंगची परीक्षा उत्तम गुणांनी पास झालेली, पांढऱ्या शुभ्र कपड्यांतली, डोळ्यांत उत्साह. केस आली की ती मुलगी हातमोजे चढवून पुढे सरसावायची. आणि तेवढ्यात मागून आवाज — "सर बाजूला. दे इकडे!"

संपलं! मुलगी भिंतीला. मग तिनं ट्रे धरायचा, कात्री द्यायची, कापूस द्यायचा. आणि बघायचं. अनसूयामावशी म्हणून एक जुन्या आया होत्या तिथं — जिभेला हाड नाही, पण मन लोण्याचं! त्या या नव्या मुलींना म्हणायच्या 'कॅलेंडर'. "कुठंय गं आजचं कॅलेंडर?" का? तर भिंतीवर असतं! रोज सगळं बघतं, आणि वर्ष संपलं की खाली उतरतं!

हसताय? तुमच्या हापिसात किती कॅलेंडरं आहेत ते मोजा आधी!

आता सिस्टरांच्या बाजूनंही बोललं पाहिजे. त्या दुष्ट नव्हत्या हो. त्यांना वाटायचं, समोर बाई कळा देतेय, आत एक जीव आहे, ही काय शिकायची जागा आहे? हिच्याकडून चूक झाली तर? मी आहे ना! मी करते! — किती प्रेमळ वाक्य आहे बघा. 'मी आहे ना, मी करते.' या प्रेमळ वाक्यानं जितकी माणसं अडाणी राहिली, तितकी शाळा बंद पडल्यानंसुद्धा राहिली नसतील!

त्या कॅलेंडरांत एक होती ज्योत्स्ना तांडेल. दर्यावरची मुलगी. बाप होडी घेऊन समुद्रात जाणारा. अंगानं धिप्पाड, बोलायला कमी. बाकीच्या मुली कंटाळून बदली मागून गेल्या, ही टिकली. भिंतीला टेकून टिकली!

आणि मग एक दिवस सिस्टर रजेवर गेल्या. भाचीचं लग्न होतं बेळगावला. जाताना दहादा मागे वळून बघितलं. लग्नात अंतरपाट धरलाय, मंगलाष्टकं चाललीत, आणि यांचं लक्ष पिशवीतल्या फोनकडे. फोन येत नव्हता म्हणून काळजी — आणि खरं सांगू? फोन येत नव्हता म्हणून थोडा रागसुद्धा! माझ्यावाचून चालतंय म्हणजे काय?

चालत नव्हतं, मंडळी.

त्याच दुपारी एक बाई बाळंत झाली. सुटका नीट झाली, पण बाळ रडलं नाही. निळंसर पडलं. नर्सला काय करायचं असतं? बाळाच्या तोंडानाकावर छोटा मास्क घट्ट बसवायचा आणि फुगा दाबून त्याला श्वास द्यायचा. ज्योत्स्नानं हे सिस्टरांना करताना किती वेळा बघितलं होतं! सगळं पाठ! मास्क उचलला. पण तिच्या हातात तो कधी आलाच नव्हता. मास्क नीट बसेना, हवा सगळी बाजूनंच जायला लागली! आत काही पोचेना. मावशी धावत सुटली, इनामदार डॉक्टर तपासणी टाकून पळत आले, त्यांनी मास्क हातात घेतला, आणि बाळानं श्वास घेतला. देवानं राखलं! पण उशीर झालेला. जिल्ह्याच्या दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवावं लागलं त्या जिवाला. आई इकडे, बाळ तिकडे. बाप दोन्हीकडे. वाचलं बाळ — घाबरू नका, वाचलं, पुढे घरी आलं, गुटगुटीत झालं. पण त्या आईच्या त्या दिवसांचा हिशेब कोण देणार?

सिस्टर परत आल्या, मावशीनं सगळं सांगितलं, आणि मग काय! ड्युटीरूमचं दार लागलं, पण दाराचा उपयोग नव्हता. आवाज फाटकापर्यंत!

"लाज नाही वाटली? साधा मास्क धरता येत नाही? इतकी वर्षं माझ्याशेजारी उभी राहिलीस ना तू?"

ज्योत्स्ना खाली मान घालून ऐकत होती. रात्रंदिवस ते निळं बाळ तिच्याही डोळ्यांपुढे होतं. डोळे रडून सुजलेले. पण शेवटचं वाक्य ऐकलं आणि तिनं मान वर केली.

"तेच ना, सिस्टर," ती म्हणाली. "उभीच राहिले."

बास. एवढंच. आवाज चढवला नाही, उलट उत्तर म्हणावं असंही काही नाही. दार उघडून गेली.

अहो, शिवी चालते माणसाला! शिवी दिली की परत देता येते. पण खरं बोललं की काय करायचं?

सिस्टर घरी गेल्या. फणफणत गेल्या. "आजकालच्या मुली!" कुकर आपटला. "शिकायला नको, नुसतं बोलायला पाहिजे!" झाकण आपटलं. डाळीला फोडणी दिली, ती करपली. आणि करपलेल्या डाळीसमोर बसल्या असताना, मंडळी, त्यांना एकदम फर्नांडिस सिस्टर आठवल्या.

कोण ह्या? सांगतो. मंदाकिनी कुडतरकर जन्मतः कुडतरकर सिस्टर नव्हत्या हो! त्याही कधीतरी कोवळ्या होत्या, घाबरट होत्या. पहिल्या नोकरीत त्यांच्या वर होत्या ह्या फर्नांडिस सिस्टर. ठेंगण्या, गोल, चष्मा नाकाच्या टोकावर. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मंदाकिनीला पुढे ढकललं. "तू कर. मी मागे आहे." मंदाकिनीला घाम फुटला. बाळ येत होतं, हात निसटत होते, आणि मनात एकच — आता ही बाई मला बाजूला करेल. करेलच. पण फर्नांडिस सिस्टर हलल्या नाहीत. आवाज शांत. "सावकाश. घाई बाळाला नाही, तुला आहे." बाळ आलं. रडलं. मंदाकिनीही रडली!

नंतर हात धुताना मंदाकिनीनं विचारलं, "सिस्टर, तुम्हाला भीती नाही वाटली, मी चुकेन म्हणून?" त्यांनी काही न बोलता आपले तळहात उघडून दाखवले. दोन्ही तळव्यांत नखांचे लाल अर्धगोल उमटलेले! पाठीमागे मुठी इतक्या आवळून उभ्या होत्या त्या. आणि हसून म्हणाल्या, "स्वतः करणं फार सोपं गं बाई. हे कठीण."

काय दाखवलं मंडळी त्यांनी! कुडतरकर सिस्टरांचे हात म्हणून गाव ज्यांना नमस्कार करतं, ते हात आले कुठून? त्या मुठींतून आले! आणि बाई ते साफ विसरून गेली होती. आपण विसरतोच. वर चढलं की शिडी आपोआप उगवली असंच वाटतं!

सोमणकाका, पेटी जरा थांबवा. तुम्ही सुंदर वाजवताय, पण लोक रडायला लागले तर मी हसवायचं कसं? कारण पुढचा भाग हसण्याचा आहे!

दुसऱ्या दिवशी सिस्टर दवाखान्यात आल्या. माफी मागितली का? छे! त्या पिढीत माफी मागत नाहीत, डबा देतात. आंबोळ्यांचा डबा ज्योत्स्नासमोर ठेवला आणि दुसरीकडे बघत म्हणाल्या, "आजपासून तू पुढे. मी मागे."

ज्योत्स्नाला वाटलं, ही शिक्षा आहे!

आणि पिशवीतून सिस्टरांनी काय काढलं? बाहुली! भाचीची जुनी रबरी बाहुली, एक डोळा गेलेला. "हिला मास्क लाव. हवा बाजूनं गेली तर परत लाव." मग काय! जेवणाच्या सुट्टीत बाहुलीला श्वास, चहाच्या आधी बाहुलीला श्वास. सगळ्या नर्सा रांगेनं. अनसूयामावशी म्हणायची, "एवढा श्वास देताय तर उद्या ती उठून पगार मागेल!"

बाहुलीपर्यंत ठीक होतं. पण खरी केस आली — आणि सिस्टरांची जी तारांबळ उडाली! ज्योत्स्ना पुढे, सिस्टर मागे. ज्योत्स्नानं कात्री जरा सावकाश उचलली मात्र, सिस्टरांच्या तोंडून — "दे इ—" अर्धा शब्द बाहेर, अर्धा गिळला! ठसका लागला! हात आपोआप पुढे जायचे, त्या मागे ओढायच्या. परत पुढे, परत मागे. मावशी म्हणाली, "सिस्टर, पोहताय का?"

मग त्यांनी हात काखेत दाबून धरले. हात राहिले. पण तोंड सुटलं! "वरून धर — तसं नाही — अगं वरून — आता थांब — थांब म्हटलं ना — आता का थांबलीस?" बाळंतीण कळा विसरून त्यांच्याकडे बघायला लागली!

सुटका झाल्यावर ज्योत्स्ना भीत भीत म्हणाली, "सिस्टर, रागावू नका. पण तुम्ही सगळं आधीच सांगता. मग मला बघायलाच लागत नाही. मी नुसती ऐकते."

बघा! शिष्यानं गुरूला शिकवलं. आणि सिस्टर कशा? चूक कळली की सुधारणाऱ्या. खूप विचार केला त्यांनी. आणि पुढच्या वेळी सांगणं बंद, विचारणं सुरू. "तुला काय दिसतंय?" एवढंच. "आणि मग तू काय करशील?" ज्योत्स्ना सांगायची. बरोबर असेल तर "हं." चूक असेल तर — "परत बघ." सिस्टरांना त्या 'परत बघ'साठी किती तप करावं लागलं असेल! उत्तर जिभेवर आहे आणि बोलायचं नाही. अहो, ऋषींनी उपाशी राहून दाखवलं, पण उत्तर माहीत असून गप्प बसून कोणी दाखवलंय का? आपल्याला तर शेजारच्याचं शब्दकोडंसुद्धा सोडवल्याशिवाय राहवत नाही!

असे महिने गेले. ज्योत्स्नाचे हात स्थिर झाले. आणि मग आली ती दुपार.

सुगंधा नावाची बाई. पहिलटकरीण. कळा जोरात, सगळं व्यवस्थित चाललेलं. इनामदार डॉक्टर शेजारी ऑपरेशनमध्ये अडकलेले. ज्योत्स्ना पुढे, सिस्टर मागे. बाळाचं डोकं आलं. "आलं, आलं!" मावशी म्हणाली. आणि पुढच्याच क्षणी ते डोकं, कासवानं मान आत घ्यावी तसं, मागे ओढलं गेलं.

सिस्टरांनी ते बघितलं. त्यांना कळलं. खांदा! बाळाचा खांदा आईच्या हाडामागे अडकला. डोकं बाहेर, छाती आत, श्वास घ्यायला जागा नाही. आता मिनिटांचा खेळ! डोकं ओढलं तर मानेतली शीर ताणून बाळाचा हात जन्माचा लुळा पडायचा. नाही सोडवलं तर बाळ जायचं!

आणि मंडळी, सिस्टरांचे हात काखेतून सुटले.

सुटणारच! ते काही साधे हात होते? एक पाऊल पुढे टाकलंही त्यांनी. ओठांवर तेच जुने शब्द आले. आणि तुम्ही म्हणाल, घ्यावं ना मग पुढे होऊन! जीव मोठा की शिकवणी मोठी? बरोबर आहे. जीव मोठा! ज्योत्स्ना थिजलेली दिसली असती, तर सिस्टर एक क्षण थांबल्या नसत्या, आणि थांबायलाही नको होतं. मागे उभं राहायचं म्हणजे डोळे मिटून उभं राहायचं नव्हे!

म्हणून त्यांनी आधी तिचा चेहरा बघितला. त्या चेहऱ्यावर भीती होती — पण ती थिजली नव्हती. नजर पळत होती, मोजत होती. सिस्टरांनी विचारलं, "काय दिसतंय?"

"खांदा अडकलाय!" ज्योत्स्ना म्हणाली. आणि मग तो समुद्रावरचा आवाज सुटला, होडीवरून होडीला हाक मारणारा — "मावशी, यांचे गुडघे वर घ्या! पोटाशी, पार पोटाशी! सुगंधाताई, आता जोर नका लावू, मी सांगेन तेव्हा! डॉक्टरांना बोलवा कोणीतरी! — सिस्टर! तुम्ही इकडे! ओटीपोटावर, हाडाच्या वर, माझ्या बाजूनं दाबा! दाबा!"

कोण कोणाला म्हणतंय? भिंतीवरचं कॅलेंडर सम्राज्ञीला म्हणतंय, दाबा!

आणि कुडतरकर सिस्टर म्हणाल्या, "हो."

उभ्या हयातीत त्या खोलीत हा शब्द त्यांनी कोणापुढे उच्चारला नव्हता! गेल्या आणि दाबलं. सांगितलं तिथं, सांगितलं त्या बाजूनं. "आता जोर लावा ताई!" — आणि खांदा सुटला. बाळ आलं. निळं! गप्प! ज्योत्स्नानं मास्क उचलला, बसवला. हवा बाजूनं गेली नाही. एक श्वास. दुसरा. खोलीत कोणी हलेना. आणखी एक —

आणि बाळानं असा काही टाहो फोडला की शेजारच्या खोलीतून डॉक्टर ओरडले, "ऐकू आलं! येतोय मी!"

म्हणा मंडळी, रवळनाथाचा — जयजयकार!

आता तुम्ही म्हणाल, झालं आख्यान. नाही हो! खरी परीक्षा पुढेच आहे. सिस्टर बाहेर आल्या. सुगंधाची सासू दाराशीच होती. तिनं बघितलं ते कुडतरकर सिस्टरांना, आणि लोटांगणच घातलं. "सिस्टर! ऐकलं होतं तुमच्या हातांविषयी! आज प्रत्यक्ष बघितलं! तुमच्या हातांना यश आहे!"

हं! आता सांगा. काय गोड वाटलं असेल! 'अहो असू दे' म्हटलं असतं तर कोण विचारणार होतं? खोटं बोलायचं नव्हतं, नुसतं गप्प राहायचं होतं. आणि क्षणभर — मी लपवत नाही — त्या गप्प राहिल्यासुद्धा. मग सासूबाईंना उठवलं, खांद्याला धरून वळवलं, आणि आतून हात पुशीत येणारी ज्योत्स्ना दाखवली.

"हात ते," म्हणाल्या. "मी फक्त सांगितलं तिथं दाबलं."

नंतर दोघी ड्युटीरूममध्ये. मावशीनं चहा आणला. ज्योत्स्ना म्हणाली, "सिस्टर, मी तुम्हाला ऑर्डर दिली. ओरडले तुमच्यावर. चुकलं का?"

सिस्टरांनी चहाचा घोट घेतला. "ओरडलीस ते बरोबर. पण मला जरा उशिरा बोलावलंस. मावशीबरोबरच बोलवायचं. पुढच्या वेळी लक्षात ठेव."

कौतुक केलं का? नाही. पण 'पुढच्या वेळी' म्हणाल्या. मुलगी शहाणी, तिला कळलं. ती हसली, आणि मग रडली, आणि सिस्टरांनी तिला रडू दिलं.

पुढे सिस्टर निवृत्त झाल्या. आजही त्या गावात पोरं जन्मतात, सुखरूप जन्मतात. बाजारात कुडतरकर सिस्टर भाजी घेत असतात, आणि कडेवर बाळ घेतलेल्या कित्येक आया शेजारून जातात, त्यांना ओळखतही नाहीत. सिस्टरांना विचारलं, वाईट वाटतं का? म्हणाल्या, "थोडं वाटतं." प्रामाणिक बाई! "पण बाळं बघितली की जातं."

तर मंडळी, आख्यान सिस्टरांचं, आरसा तुमचा! उद्या कोणाला शिकवायचं असेल, तर मोठं भाषण नको. एक काम त्याच्या हातात सोडा, जवळ उभे राहा, नजर ठेवा आणि तोंड आवरा. फोरमनसाहेब, तो नवा मुलगा नट वाकडा घालील. घालू दे, जवळ आहात ना! मॅनेजरसाहेब — खांबाकडे नका बघू! — पुढचं पत्र त्या नव्या बाईंना लिहू द्या, आणि लाल पेन खिशातच ठेवा. आधी विचारा, 'तुम्हाला काय वाटतं?' आणि उत्तर येईपर्यंत थांबा. मरत नाही माणूस थांबल्यानं!

आणि या समोर बसलेल्या काकू. हो, तुम्हीच, हिरव्या लुगड्यातल्या! आज प्रसादाचा शिरा तुमच्याकडून आहे ना? कोणी केलाय? सूनबाईंनी? पहिल्यांदाच? आणि तुम्ही इथं एवढा वेळ बसलात? एकदासुद्धा उठून स्वयंपाकघरात गेला नाहीत? मंडळी, काकूंना हात जोडा, आज खरं तप यांनी केलंय!

आता ऐका सगळे. शिरा येतोय. एखादी गुठळी लागेल. लागली, तर एकानंही तोंड वाकडं करायचं नाही. गुठळी प्रसाद म्हणून गिळायची, आणि सूनबाईंना जाऊन सांगायचं — पुढच्या पौर्णिमेलाही शिरा तुम्हीच करा. काकू, तुम्ही सांगा आधी. मोठ्यानं. आम्ही थांबलोय.